विलगीकरण कक्ष (उद्घाटनानंतरच वापरावा)

टिणकन आवाज झाला आणि दुपारच्या विश्रांतीच्या तासाची शांतता मोडली. अडतीस मुली वसतिगृहात आडव्या, माझं सात महिन्यांचं बाळ चटईवर गाढ झोपलेलं, आणि मेट्रनच्या, म्हणजे माझ्या, हातून थर्मामीटर इनॅमलच्या बशीत पडलेला. फुटला नाही, हे शाळेचं नशीब. कारण शाळेत थर्मामीटर एक आहे आणि साथपूर्व समित्या तीन. (फुटला असता तर चौकशीसाठी चौथी नेमावी लागली असती.)

साथ अचानक येते, असा अडाणी लोकांचा समज असतो. साथीच्या आधी परिपत्रक येतं. आमच्या बेटावर ते महिन्यातून दोनदा येणाऱ्या बोटीने, पिठाच्या पोत्यांबरोबर आलं. शेजारच्या बेटांवर गोवराचे रुग्ण आढळले असून निवासी शाळांनी 'संभाव्य प्रादुर्भावाच्या दृष्टीने सुसज्ज राहावे', असं त्यात म्हटलं होतं. आमचे मुख्याध्यापक आपिसालोमे मास्तर यांनी ते सकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच वाचलं. वाचून झाल्यावर मुली सवयीने 'आमेन' म्हणाल्या. त्यामुळे ते एकमताने मंजूर झालं.

नऊ आठवड्यांत शाळा सुसज्ज झाली. फलक सहा (चार 'हात धुवा', आणि रंग उरला म्हणून दोन 'सुस्वागतम'). गणवेशाच्या निळ्या कापडाच्या तोंडपट्ट्या बेचाळीस. साबण, विचाराधीन. पण खरा अभिमान विलगीकरण कक्षाचा. खोबरं वाळवायच्या जुन्या कोठाराला चुना लावून त्यात आठ खाटा टाकल्या आणि गावातल्या बायकांनी दोन महिने खपून त्यासाठी चटया विणल्या. कडांना लाल-हिरव्या लोकरीची झालर, लग्नात घालतात तशी. आमची स्वयंपाकीण वासिती मावशी दारातूनच बघत राहिली.

"अगं, असल्या चटईवर निजायला मिळणार असेल तर मीच पडते आजारी."

"मावशी, आधी अर्ज करावा लागेल."

त्यानंतर दाराला कुलूप लागलं. उद्घाटनाआधी चटया मळू नयेत म्हणून.

मग तालीम झाली. तालमीला रुग्ण लागतो. सतरा मुली इच्छुक होत्या. ज्या मुलीचं कण्हणं सर्वांत हृदयद्रावक ठरलं, त्या सहावीतल्या मेरेसेइनीची निवड झाली. (रुग्णाला गवत कापण्यातून सूट आणि कोंबडीचं सार होतं, याचा या उत्साहाशी संबंध नसावा.) कक्ष बंद असल्यामुळे तिला वर्गाच्या ओसरीत निजवलं आणि भोवती चुन्याची रेघ मारली. रेघेच्या आत कुणीही यायचं नाही.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे काय, हे परिपत्रक लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. ही तालीम आहे, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. पण जो तालमीला आला नाही, तो खऱ्या दुखण्याला काय येणार? दुपारपर्यंत तीन होड्या लागल्या. एकसष्ट नातेवाईक, अरवीच्या कंदांची चार ओझी, एक भाजलेलं डुक्कर. तिची आत्या रेघ ओलांडून थेट उशाशी बसली आणि डोळ्यांना पदर लावावा तसा तिने कमरेला गुंडाळलेल्या सुलूचा काठ डोळ्यांना लावला.

"किती वाळलीस गं पोरी!"

"आत्या, मी नाटक करतेय."

"कर हो, कर. पण आधी हे खाऊन घे."

मीसुद्धा साराचं भांडं घेऊन गेले आणि पायाशी बसून थोडं रडले. न रडणं बरं दिसलं नसतं. मास्तरांनी अहवालात लिहिलं : 'विलगीकरणाची तालीम अभूतपूर्व गर्दीत यशस्वी झाली.'

उद्घाटनाचा शनिवार ठरला. त्याआधीच्या गुरुवारी सकाळी हजेरीला लोसाना माझ्याजवळ येऊन उभी राहिली. लोसाना नऊ वर्षांची, सर्वांत लांबच्या बेटावरची. तिच्याकडची बोट वर्षातून दोनदा येते.

"मेट्रन, मला उन्हातसुद्धा थंडी वाजतेय."

ताप एकशेतीन. कानामागे लाल पुरळ. मी तशीच मास्तरांकडे गेले.

"मास्तर, कक्षाची किल्ली द्या. लोसानाला ताप आहे, पुरळ उठलंय."

"आज?" मास्तरांचा चेहरा उतरला. "शनिवारी उद्घाटन आहे, बाई."

"रोगाला निमंत्रणपत्रिका पोचली नसेल."

"थट्टा नको. गावप्रमुख रातू सेमिसी येणार, त्या चटईवर पहिले बसणार. त्यांच्याआधी तिथे कुणी निजलं, तर त्या बायकांना मी काय तोंड दाखवू?"

"मग पोर कुठे ठेवू? वसतिगृहात उरलेल्या सदतीस जणी आहेत."

मास्तर मनाचे वाईट नाहीत. त्यांनी खरोखर विचार केला. "कक्ष रुग्णांसाठी आहे, बरोबर? शनिवारच्या बोटीने नर्स येऊन तपासेपर्यंत ती संशयितच. शनिवारी दुपारपर्यंत तिला संशयितच राहू दे." आणि घरातली स्वतःची उशी तिच्यासाठी काढून दिली.

मी लोसानाला माझ्या घरात आणलं आणि माझ्या बाळाला गावात नणंदेकडे पाठवलं. लस टोचण्याइतकं ते मोठं नाही. दोन दिवस ओल्या फडक्यांनी लोसानाचं अंग पुसत होते. दुधाने माझी छाती दाटायची, झंपर भिजायचा. ती ते बघायची आणि भिंतीकडे तोंड करायची. "माझ्यामुळे बाळ उपाशी आहे," एकदा हळूच म्हणाली. मी म्हटलं, "गप गं, आत्या पाजतेय त्याला." नणंदेचं बाळ मोठं आहे, पण अजून अंगावर पितं, म्हणून तिला दूध होतं. एवढं एक मात्र कुठल्याही समितीकडे सोपवावं लागलं नाही.

शनिवारी आठ खाटांच्या कक्षात दोनशे चाळीस माणसं बसली. मांडीला मांडी लावून. रिवाजाप्रमाणे रातूंना मानाचा देवमाशाचा दात अर्पण झाला. रातू चटईवर टेकले आणि त्यांनी एकमेकांपासून अंतर ठेवण्याच्या गरजेवर पाऊण तास भाषण केलं. मागच्यांना ऐकू येईना म्हणून सगळे आणखी जवळ सरकले.

त्याच दिवशी बोटीने आलेल्या नर्सने माझ्या घरी लोसानाला तपासलं, रक्त घेतलं आणि म्हणाली, "गोवरच दिसतोय. हिला आत्ताच्या आत्ता वेगळं ठेवा."

गोवर खरा आहे ही बातमी कक्षात पोचली आणि कक्ष चार मिनिटांत रिकामा झाला. (तालमीत हे कधीच साधलं नव्हतं.) होड्या निघून गेल्या. मास्तरांनी किल्ली माझ्या हातात दिली, स्वतः मात्र फाटकापाशी थांबले. लोसानाला मी त्या झालरीच्या चटईवर निजवलं. आठ खाटा, एक पोर.

त्या दिवसापासून नियम काटेकोर पाळला जातोय. नोंदवहीत मी रोज लिहिते : भेटीस आलेले, शून्य. हे वाचताना तुम्ही इतका वेळ मनात हेच म्हणत होतात ना, की वेगळं ठेवा, कुणाला जवळ येऊ देऊ नका? अगदी तसंच केलंय. तुमच्या मनासारखं झालं.

काल तिचा ताप उतरला. मी तिच्या केसांतला गुंता सोडवत होते. ती बराच वेळ रिकाम्या खाटा मोजत होती. मग मान न वळवता तिने विचारलं, "मेट्रन, मी खोटी आजारी असते, तर माझ्याकडे कुणी आलं असतं का?"