खोटी खूण, खरा बेडूक

अठरा वर्षांत आरोग्य स्वयंसेविका खामपोंगने नोंग याओ गावातल्या दीड-दोनशे पोरांपुढे तोच लाल चेंडू धरला होता आणि तोच प्रश्न विचारला होता, "हे काय आहे, बाळा?" पोरं चेंडू म्हणत, नुसतंच चें म्हणत. एकाने फणस म्हटलं होतं आणि तेही खामपोंगने चालवून घेतलं होतं. आरोग्य केंद्राच्या वहीत 'वस्तूचं नाव सांगतो' एवढंच छापलंय, बरोबर सांगतो असं कुठे म्हटलंय?

आज मात्र चेंडूपुढे तिचा स्वतःचा नातू बसला होता. नाव खाओपुन, वय वर्षं अडीच.

"हे काय आहे, बाळा?"

खाओपुनने चेंडू हातात घेतला, नीट निरखला आणि झोपाळ्यात पडलेल्या आजोबांकडे लाथाडला. चेंडूला लाथ मारतो, झालं. आठ ठोकळ्यांचा मनोरा रचतो, तोही झाला. नाक दाखव म्हटल्यावर त्याने आपलं नाक दाखवलं, आजीचं दाखवलं आणि उठून जाऊन आजोबांचं धरून ओढलं. बोलण्याच्या रकान्यात मात्र नुसता वारा वाहत होता.

"जाऊ दे ना," नाक सोडवून घेत थोंगमी म्हणाला. "माझ्यावर गेलाय. मी तरी कुठे बोलतो?"

"तुम्हाला बोलायला कोणी जागा ठेवली असती तर बोलला असता," खामपोंग म्हणाली आणि वाक्य आपल्याच अंगावर आलं हे लगेच तिच्या ध्यानात आलं.

तसं पाहिलं तर त्या घरात पोराला बोलायची गरजच नव्हती. त्याने फ्रिजकडे पाहिलं की आजोबा दूध काढत. दाराकडे पाहिलं की आजी चपला घाली. आईवडील दूर रायोंग शहरातल्या कारखान्यात. संध्याकाळी पाचला आई फोनवर दिसे आणि "आई म्हण, आई" म्हणून विनवी, की हा पठ्ठ्या पडद्याचा मुका घेऊन मोकळा. तिकडे ती रडे, इकडे आजी पडदा पुसे.

एवढंच असतं तर निभावलं असतं. पण गेल्या महिन्यात 'दोन शब्द जोडून बोलतो' या ओळीपुढे खामपोंगने चक्क बरोबरची खूण करून टाकली होती. दुसऱ्यांच्या आयांना ती अठरा वर्षं सांगत आली होती, की उशिरा बोलण्यात लाज कसली, वेळेवर दाखवा म्हणजे झालं. स्वतःच्या घरची पाळी आली तेव्हा तिला लाज वाटली, दुसरं काही नाही. पेन टेकलं आणि खूण होऊन गेली. त्या खुणेमुळे खाओपुनचं नाव जिल्ह्याच्या इस्पितळात जाणाऱ्या यादीतून गळलं, हेही तिला ठाऊक होतं. तेव्हापासून तिच्या घशाखाली भात नीट उतरत नव्हता.

त्यात दुपारी नर्स विलावानचा फोन आला.

"मावशी, उद्या सकाळी विहाराच्या मंडपात तपासणी आहे ना, तेव्हा खाओपुनलाही आणा. यंदा वरून आदेश आलाय, स्वयंसेविकांच्या घरची मुलं नर्सनेच तपासायची."

"आणते की," खामपोंग म्हणाली. उद्या खोटी खूण उघडी पडणार होती.

आता बेडकाबद्दल सांगायला हवं. त्या मुलखात पोर बोलेना की एक जिवंत बेडूक आणून त्याच्या तोंडावर तीनदा अलगद मारतात. बेडूक जसा पावसात ओरडतो तसं पोरही बोलायला लागतं, असा हिशेब. या रिवाजाची गावातली एकमेव शत्रू म्हणजे खामपोंग. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती गावप्रमुखाच्या भोंग्यावरून बजावत असे, "बेडूक ताटात शोभतो, पोराच्या तोंडावर नाही. तोंडावर मारायचा नाही. प्राणी दाखवा, नाव सांगा, वाट बघा." गावातली कुत्रीसुद्धा हे ऐकून कान पाडत.

त्याच खामपोंगला दुपारी साडेतीन वाजता बेडूक हवा झाला. पण कोरडे दिवस, शेतं भेगाळलेली. बेडूक मिळायचं एकच ठिकाण होतं, लामदुआनच्या घरामागचे सिमेंटचे हौद.

"एक बेडूक दे गं," खामपोंग जाता जाता आठवल्यासारखं म्हणाली. "लहानसा."

"एक?" लामदुआनने जाळी खाली ठेवली. "एका बेडकाचं काय करतेस, मावशी? काकांना वाढशील आणि तू नुसता वास घेशील?"

"चव बघायचीय."

"साठाव्या वर्षी?"

लामदुआनची नजर हळूहळू बारीक व्हायला लागली. ती पुरती बारीक व्हायच्या आत काहीतरी करायला हवं होतं.

"बरं, दीड किलो दे. जेवायला माणसं आहेत."

"अगं बाई. कोण?"

खामपोंगच्या डोक्यात दुपारपासून एकच माणूस बसला होता. तोच तोंडातून निघाला. "नर्सबाई."

"मग तू नको करूस. तुझ्या रश्शात पाणीच फार. मी साडेचारला शेपू घेऊन येते," लामदुआन म्हणाली. ती कामाची बाई होती. खामपोंग कोपऱ्यावर वळायच्या आत तिने नर्सबाईला फोन लावला होता, तिखट कितपत चालेल हे विचारायला. आमंत्रणाचा पत्ताच नसलेली विलावान ओशाळली, आपणच विसरलो असं समजली आणि तिने खामपोंगला फोन केला.

"मावशी, माफ करा हं. जेवणाचं माझ्या अगदी डोक्यातून गेलं होतं. पाचला येते."

"या की," खामपोंग म्हणाली. त्या दिवशी तिला दुसरं काही म्हणताच येत नव्हतं.

घरी पोचली तेव्हा सव्वाचार झाले होते. थोंगमी झोपाळ्यात घोरत होता. तिने बादलीतल्या जाळीतून त्यातल्या त्यात लहान बेडूक निवडला. हौदात खाऊनपिऊन वाढलेला, दोन मुठींएवढा गरगरीत गडी होता तो. एका हातात बेडूक आणि दुसऱ्या हाताला नातू अशी ती घरामागच्या रांजणाआड गेली.

"हे बघ बाळा, कोण आलंय," ती गोड आवाजात म्हणाली आणि बेडूक पुढे केला.

खाओपुनने बेडूक पाहिला आणि झटकन दोन्ही हात तोंडावर दाबले.

आधी तिला कौतुक वाटलं. मग ती चपापली. बेडूक बघून पोरं हात पुढे करतात, नाहीतर मागे पळतात. हा बेडूक तोंडाशी येणार हे या पोराला कसं कळलं?

विचार करताना मूठ सैल होते. बेडकाने तेवढंच पाहिलं. तो सुटला, ती त्याच्यामागे सुटली, तिचा पाय बादलीला लागला आणि जाळीतल्या बाकीच्या मंडळींनीही अंगणात पाय मोकळे केले. एक चुलीमागे गेला, दोन स्वयंसेविकेच्या पिशवीत शिरले. एक थोंगमीच्या पोटावर जाऊन बसला. तो जागा झाला, पोटावरच्या पाहुण्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "रात्रीला रस्सा आहे वाटतं."

"पकडा," खामपोंग धापा टाकत म्हणाली. तेवढ्यात शेपूची जुडी घेऊन लामदुआन आली. तिच्यामागून, लवकर जाऊन जरा हातभार लावावा म्हणून, विलावानही आली. दोघींनी पाहिलं ते असं: खामपोंग रांजणाआडून येतेय, एका काखेत नातू, दुसऱ्या हातात बेडूक, आणि बेडूक नातवाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर.

अंगणात फक्त बेडूक बोलत होते.

"मावशी," शेवटी विलावान म्हणाली, "हा ताटात शोभतो ना?"

"प्राणी दाखवत होते," खामपोंग म्हणाली. "जवळून."

"त्याला काय दाखवायचंय त्यात?" थोंगमी झोपाळ्यातून उतरत म्हणाला. "माहितीये त्याला. पावसाळ्यात मी तीनदा मारलाय."

खामपोंग गर्रकन वळली. "तुम्ही? भोंग्यावर मी ओरडत असताना?"

"तू भोंग्यावर असायचीस म्हणून तर जमलं."

लामदुआनने शेपूची जुडी या हातातून त्या हातात घेतली. "मावशी, आता निघालंच आहे म्हणून सांगते. तू मीटिंगला गेली होतीस, याला माझ्याकडे ठेवलं होतंस. हौद समोरच होता."

एवढ्यात पाच वाजले. ओट्यावर ठेवलेला फोन वाजला आणि पडद्यावर रायोंगहून सून आली. काय चाललंय हे तिला आजोबांनी तीन शब्दांत सांगितलं. सुनेचा चेहरा पडला.

"आई, रागावू नका. भातकापणीला आलो होतो ना, तेव्हा मी पण. तुम्ही विहारात गेला होतात."

गावभर जिने बेडकावर बंदी घातली, तिच्याच घरात पोराने आळीपाळीने बेडूक सोसले होते. पावसाळाभर याला तोंड उघडायची सोय नव्हती. तिला हसू येत होतं आणि त्याहून जास्त रडू. तिने नातवाकडे पाहिलं. बेडूक अजून तिच्या हातात, त्याच्या तोंडासमोरच होता.

खाओपुनने तोंडावरचे हात काढले. बेडकाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला. मग, आजीला नीट ऐकू आलं नसावं असं वाटून, पुन्हा म्हणाला, "नको."

बेडूक खाली पडला. फोनमधून सुनेचा हुंदका आला. खामपोंग मटकन पायरीवर बसली आणि पोराला छातीशी धरून रडली, अगदी आवाज करून रडली.

"दोन शब्द झाले," थोंगमी म्हणाला. "लिही."

"लिहिलेत की मावशींनी," विलावान शांतपणे म्हणाली. "गेल्याच महिन्यात. दोन शब्द जोडून बोलतो."

मान हलवली असती तर भागलं असतं. साक्षीला माणसं होती, पोर बोललेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. खामपोंगने पदर नसल्यामुळे शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"ती खूण खोटी आहे, नर्सबाई. हा त्याचा पहिला शब्द. आणि तो एकच आहे, दोनदा म्हटला म्हणून दोन होत नाहीत. याला इस्पितळात पाठवा."

"मंगळवारची वेळ घेऊन ठेवलीय मी," विलावान म्हणाली. "आधी कान तपासतील, मग बोलायला शिकवणाऱ्या बाई बघतील. लहान आहे, लवकर उचलेल."

"घेऊन ठेवलीय? कधी?"

"मागच्या आठवड्यात. प्रत्येक वेळी आले की हा बोटाने माझी चप्पल दाखवतो आणि तुम्ही म्हणता, बघा, चप्पल म्हणाला. वरून आदेशबिदेश काही आला नाही, मावशी. तो माझाच होता."

मग सगळ्यांनी मिळून बेडूक गोळा केले. रस्सा लामदुआनने केला. तो सगळ्यांनी चिकट भाताचे गोळे बुडवून बुडवून खाल्ला. कितीतरी दिवसांनी खामपोंगच्या घशाखाली भात सुखाने उतरला.

पण लामदुआनच्या पोटात गोष्ट राहत नाही. सकाळी विहारातल्या तपासणीला खामपोंग निघाली तर दारात चार आया उभ्या, कडेवर पोरं घेऊन. चौघींची मागणी एकच, कालचा तो गुणाचा बेडूक जरा वापरायला द्या. खामपोंगने तशीच वाट वाकडी केली, नातवाला काखोटीला मारलं आणि गावप्रमुखाचा भोंगा गाठला.

"मी खामपोंग बोलतेय. माझा नातू अडीच वर्षांचा आहे आणि त्याला एकच शब्द येतो. वहीत मी खोटी खूण केली होती, ती खोडली. मंगळवारी मी त्याला जिल्ह्याला नेतेय, गाडीत जागा आहे. आणखी कोणी माझ्याकडून अशा खोट्या खुणा करवून घेतल्या असतील तर पोरं घेऊन या, मी रागावणार नाही. आणि कालचा बेडूक मागायला माझ्या दारात कोणी येऊ नये. तो आम्ही खाल्ला."

मंगळवारी गाडीत खाओपुन धरून सात पोरं होती. खामपोंगला फार समाधान वाटलं. सोमवार संध्याकाळपर्यंत लामदुआनचे सगळे हौद रिकामे झाले होते, हे तिला वाटेत कळलं.

इस्पितळातल्या बाई तरुण आणि हसतमुख होत्या. त्यांनी सातही जणांना चटईवर बसवलं आणि एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. मांजर दाखवलं, एकजण म्याव म्हणाला. केळं दाखवलं, एकीने हात पुढे केला. मग बाईंनी तिसरं चित्र उचललं. गोल डोळ्यांचा, हिरवागार बेडूक.

सातही पोरांनी एकदम दोन्ही हात तोंडावर दाबले.

बाईंनी चित्राकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, मागे भिंतीशी बसलेल्या आयांकडे पाहिलं. आया पंख्याकडे बघत होत्या. खामपोंगही.

"हे तुमच्या गावात काही शिकवलेलं आहे का?" बाईंनी विचारलं.

तेवढ्यात सातांतल्या एकाने हात खाली घेतले. या विषयातला जुना जाणकार होता तो. चित्रातल्या बेडकाकडे बोट करून त्याने स्वच्छ सांगितलं, "नको." मग थोडं थांबून, भिंतीकडे वळून, "आजी, नको."

बाईंनी पेन उघडलं आणि वहीत खूण केली. खामपोंगने मान उंचावून पाहिलं. ओळ तीच होती, गेल्या महिन्यातली.