सागवानी टेबल आणि दर्जेदार सँडर

रविवार, सकाळचे साडेदहा. स्थळ : आमची जेवणाची खोली, तिसरा मजला. खिडक्या उघड्या, पंखा बंद. मधोमध जेवणाचं टेबल, त्यावर वाकलेला मी, अंगात बनियन, नाकाला फडकं, हातात लाकूड घासायचा, विजेवर चालणारा सँडर. इथपर्यंत कोणाचाही वाद नाही.

हे टेबल सासऱ्यांनी आमच्या लग्नात दिलं. भेटीला आले की ते आधी टेबलावर तळहात फिरवतात आणि म्हणतात, "अस्सल सागवान. एकसंध. असं आता मिळत नाही." शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणतात, त्यामुळे ते टेबलाबद्दलच आहे याची मला आजवर खात्री पटलेली नाही.

अशा या टेबलावर मी गरम पातेलं ठेवलं. थेट. फोनवर एका अधिकाऱ्याला झापत होतो आणि पातेल्याखाली काय आहे हे पाहण्याइतकी उसंत नव्हती. अधिकाऱ्यावर काही परिणाम झाला नाही. टेबलावर झाला. पांढरं, गोल, ठसठशीत वर्तुळ.

ही म्हणाली, "अहो, रविवारी बाबा आपल्याकडे येतायत, ऑपरेशननंतर पहिल्यांदा घराबाहेर पडतायत. आल्याआल्या टेबलावर हात फिरवणार. त्यांना वाईट वाटेल असं काही मला नकोय. पॉलिशवाल्याला बोलवा."

"पॉलिशवाला कशाला? मी सँडर आणतो," मी म्हणालो.

"साधा पॉलिश पेपर घासला तरी चालेल."

"काम करायचं तर दर्जेदार हत्यारानं," मी म्हणालो. (हे वाक्य मी जपून ठेवलं होतं. उच्चारायला नको होतं.)

मी उभा जन्म बातमीदारीत घालवला आहे. कोणी 'उत्तम' म्हटलं की 'कशावरून?' असं माझ्या तोंडून आपोआप येतं. त्यामुळे शहरातलं हत्यारांचं एकही दुकान मी सोडलं नाही. जिथे जाईन तिथे 'रँडम ऑर्बिट सँडर घ्या' हेच ऐकू येई. सगळे एकच सांगतात तेव्हा हमखास पाणी मुरत असतं. म्हणून शेवटच्या दुकानात मी मालकाला धारेवर धरलं.

"रँडम म्हणजे? मनाला येईल तसं फिरतं?"

"साहेब, चकती स्वतःभोवती फिरते आणि फिरता फिरता इकडेतिकडे सरकतेही. दोन्ही एकदम. त्यामुळे ओरखडा एका जागी उमटत नाही."

"म्हणजे काम करून जातं, पण माग ठेवत नाही."

"तसं म्हणा."

"अशी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत."

"असतील साहेब. यांना भुशाची पिशवीही असते."

भुशाची पिशवी मी उघडून पाहिली. वेग कमीजास्त करायचं बटण फिरवून पाहिलं. हाताला मुंग्या येतात का, हे बघायला मशीन चालू करून कितीतरी वेळ धरून उभा राहिलो. कागद चकतीला नीट चिकटतो का, तो काढला की सहज निघतो का, तळ सपाट आहे का, वायर पुरेशी लांब आहे का, एकही मुद्दा सोडला नाही. मागे रांग लागली होती. "काका, लग्न करताय का मशीनशी?" असं रांगेतून कोणीतरी विचारलं. मी दुर्लक्ष केलं. शेवटी दुकानदार थकून म्हणाला, "साहेब, याहून चांगलं मशीन माझ्याकडे नाही. असतं तर तुम्हाला घालवायला केव्हाच दिलं असतं."

मशीन खरोखरच उत्तम होतं. सगळा घोळ तिथेच झाला.

मी खरखरीत कागद लावला आणि बटण दाबलं. वर्तुळ बघता बघता फिकं पडलं आणि गेलं. शहाण्या माणसानं इथे थांबायचं असतं. पण डाग गेला तिथे मला एक काळपट सावली दिसली. आता, वरवरच्या खुलाशावर समाधान मानणाऱ्यांतला मी नव्हे. डागाखाली डाग असतोच, हा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. मी मशीन थोडं दाबलं. सावली मोठी झाली. मी आणखी दाबलं. आता आडवे रेषे दिसू लागले, वरच्या लाकडाचे तर उभे होते! प्रकरण गंभीर होतं. मी वेग वाढवला आणि पाळंमुळं खणून काढली.

मशीन थांबवून भुसा फुंकला. तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. कडेला कागदाइतका पातळ सागवानी पापुद्रा. खाली प्लायवूड.

एवढी मोठी बातमी कित्येक वर्षांत माझ्या हाती लागली नव्हती.

"अगं, बाहेर ये!" मी ओरडलो. "हे सागवान नाही! प्लायवूड आहे! तुझ्या बाबांना फसवलंय कोणीतरी!"

ही पदराला हात पुसत आली. टेबलाकडे पाहिलं. मग शांतपणे खिडक्या लावून घेतल्या.

"हळू बोला. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"प्लायवूड आहे ते. आईला पॉलिशवाल्यानं सांगितलं होतं. बाबांना कळलं तर ते मनाला लावून घेतील, म्हणून आई गप्प बसली. जाताना तिनं मला दागिन्यांबद्दल एक शब्द सांगितला नाही, टेबलाबद्दल सांगितलं. बाबांना कधी कळू द्यायचं नाही. इतकी वर्षं मी ते सांभाळलं. आणि तुम्ही एका सकाळी..."

तिनं पदरानं टेबलावरचा भुसा झटकला.

"शपथ घ्या," ती म्हणाली. "बाबांसमोर एक अक्षर नाही."

मी शपथ घेतली. (सासरे माझं वर्तमानपत्र वाचत नाहीत. मी तिथे नोकरीला लागलो त्याच दिवशी त्यांनी ते बंद केलं. तेव्हा इथे लिहायला हरकत नसावी. ही तर वर्तमानपत्र फक्त कपाटात अंथरायला घेते.)

टेबलावर चादर पसरली. दुपारी सासरे काठी टेकत आले, नेहमीच्या खुर्चीत बसले. ही चहा ठेवायला आत गेली. त्यांनी चादरीवरून तळहात फिरवला. मधोमध हात थांबला. मागे आला. पुन्हा थांबला. मग त्यांनी चादरीचं टोक उचललं, आत पाहिलं आणि ते होतं तसं ठेवून दिलं.

"जावईबापू," ते कुजबुजले, "हिनं पाहिलं का?"

सूत्रांचं नाव मी कधीच फोडत नाही. मी छताकडे पाहिलं.

"तिला कळू देऊ नका. टेबल घरी आलं त्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं, दुकानदारानं टोपी घातली म्हणून. पण पोरगी मैत्रिणींना बोलावून बोलावून दाखवत होती, बाबांनी सागवान दिलं म्हणून. आईही तिची खूश. म्हटलं, असू दे सागवान. तुम्ही शब्द द्या."

मी शब्द दिला. एका बातमीला दोन स्वतंत्र सूत्रांकडून दुजोरा मिळाला होता, आणि दोन्हीकडे मी तोंड शिवून बसलो होतो.

ही चहा घेऊन आली. ट्रे ठेवताना चादर सरकली आणि प्लायवूड तिघांच्या मधे उघडं पडलं. बाप लेकीकडे बघत होता, लेक बापाकडे.

"मशीन भिकार असणार," सासरे म्हणाले.

"तेच म्हणते मी, बाबा," ही लगेच म्हणाली. "काहीतरी उचलून आणलं यांनी."

"उचलून?" मी म्हणालो. "मी शहरातली सगळी दुकानं..."

"अस्सल सागवान म्हणून एवढ्यावर निभावलं," सासरे म्हणाले. "दुसरं असतं तर आरपार गेलं असतं."

"हो ना. एकसंध आहे म्हणून."

"पण मग हे खाली जे थर दिसतायत..." माझ्यातला बातमीदार बोलून गेला.

दोघांनीही माझ्याकडे एकाच नजरेनं पाहिलं. ती नजर वंशपरंपरागत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"चहा गार होतोय," ही म्हणाली. सासऱ्यांनी बशीत चहा ओतला आणि किती तरी महिन्यांनी ते मनापासून हसले.

दुसऱ्या दिवशी हिच्या हुकमावरून मी ते भिकार मशीन परत करायला गेलो. दुकानदारानं ते चालवून पाहिलं, उलटं केलं, चकतीवरचा कागद काढला, पिशवी कागदावर झटकली आणि भुसा बोटांत चोळला.

"मशीनमध्ये काही दोष नाही, साहेब. कशावर चालवलंत?"

"अस्सल सागवानावर. एकसंध."

"मग हा प्लायचा भुसा कुठून आला?"

मागे पुन्हा रांग लागली होती. ज्या उत्तरासाठी मी मोठमोठ्यांना भर सभेत फाडून खाल्लं आहे, तेच मी दिलं : "याबाबत मला काही बोलायचं नाही."

मशीन त्यानं परत घेतलं नाही. सागवानाच्या पोटात प्लायवूड कुठून आलं, याचा खुलासा आजतागायत कोणीही केलेला नाही.