तोरसकर साहेबांचा शाकाहारी मासा

समोरचा माणूस काय म्हणतोय ते पूर्ण ऐकून मग मान हलवावी, ही सवय मला लहानपणी कुणी लावली नाही. लावली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

झालं असं, की मे महिन्यातल्या एका तापलेल्या दुपारी तोरसकर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि फायलीतून डोकं वर न काढता विचारलं, "गुरप्पा, तुमच्या घरी मासे कोणी खात नाही ना?"

"छे छे, साहेब! आम्ही लिंगायत. आमच्याकडे अंडंसुद्धा उंबऱ्याबाहेरूनच परत जातं."

"उत्तम. म्हणजे मेजरला तुमच्याकडे पाठवायला हरकत नाही."

मी मान हलवली.

मेजर हा साहेबांचा मासा. साहेब मूळचे मालवणचे. सोलापूरला बदली झाली तेव्हा त्यांना समुद्र सोडवेना, म्हणून त्यांनी थोडा बरोबर आणला. काचेची मोठी टाकी, तीत कॅन भरभरून आणलेलं खारं पाणी, तळाला वाळू, दोन दगड, हवेचा पंप आणि मधोमध हा वीतभर चपटा मासा. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा युनिफॉर्म, आणि तोंड असं, की आताच कुणाची तरी रजा नामंजूर करून आलाय. साहेब आता भाचीच्या लग्नाला पंधरा दिवस मालवणला निघाले होते. ऑफिसातले बाकी सगळे खाणारे. खाणाऱ्याच्या घरी मासा ठेवायला साहेबांचं मन घेईना.

"आणि हो," साहेब म्हणाले, "बदल्यांच्या यादीत तुमचं नाव अकलूजला आहे. परत आल्यावर मेजर खुशाल दिसला, की ते मी खोडतो."

मेजर खुशाल दिसला नाही तर काय, ते साहेबांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

इथे आमच्या घरची परिस्थिती सांगायला हवी. सहा वर्षांत आमची चार गावं झाली होती. शेवटचं दुधनी. प्रत्येक गावी दानम्मा, म्हणजे माझी बायको, डोक्यावर घागर घेऊन दुसऱ्याच्या दारात पाण्याला उभी. सोलापुरात पहिल्यांदाच तिला घरात नळ मिळाला. तो आला त्या दिवशी तिनं त्याला हळदकुंकू वाहिलं होतं. बदलीची कुजबुज कानावर येताच तिनं मला शांतपणे सांगितलं होतं, "तुम्हाला जायचं असलं तर जावा. मी आणि नळ हितंच राहणार."

तेव्हा माझा संसार आता एका माशावर अवलंबून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दारात आली. चार शिपायांनी टाकी उचलली आणि उंबऱ्याशी येऊन ते थबकले. दारात आडवा हात लावून अव्वा उभी होती. अव्वा म्हणजे माझी आई, पार्वतम्मा. वय सत्तर, आवाज पंचविशीतला.

"लिंगपूजेचं घर हाय हे. मासा आत न्हाय यायचा."

"अव्वा, तो शाकाहारी आहे."

"कोन, सायेब?"

"मासा!"

"मासा आन् शाकाहारी? मला येडी समजतोस व्हय?"

"खरंच सांगतो. आयुष्यात त्यानं कुणाला खाल्लेलं नाही. समुद्रातलं गवत खातो फक्त."

अव्वा वाकली. काचेला नाक लावून तिनं मेजरकडे बघितलं. मेजरनं तिच्याकडे बघितलं. शिपायांच्या हातांना कळ लागली होती, पण मुलगी बघायला आल्यासारखा हा कार्यक्रम बराच वेळ चालला.

"कांदा-लसूण?"

"तेही नाही."

"मग आपल्यापरीस सोवळा हाय की. येऊ द्या आत."

पुढच्या खोलीत, खिडकीपाशी, ट्रंकेवर टाकी विराजमान झाली. साहेबांनी मालवणला निघण्याआधी मला सूचना दिल्या होत्या. डालड्याच्या डब्यात वाळवलेलं समुद्री गवत आहे, त्यातली चिमूट सकाळी आणि चिमूट संध्याकाळी. लाइट गेली तर सायकलच्या पंपानं हवा घालायची. पाणी कमी झालं तर साधंच पाणी, शिळं करून, वाटीवाटीनं. आणखीही एकदोन गोष्टी त्यांनी सांगितल्या, पण तेव्हा मी मान हलवण्यात गुंतलो होतो.

पहिल्या दिवशी अव्वानं टाकीत बोट बुडवून चाखलं. "अगं बया! मीठ लई पडलंय." आणि मी ऑफिसातून येतो तो पाण्यात कणकेचा गोळा तरंगत होता. आमटी खारट झाली की घालतात तसा. मेजर एका कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे होते. (त्यांना अरेतुरे करायची आमच्या ऑफिसात कुणाची छाती नव्हती, मीही त्याच ऑफिसातला.) गोळा विरघळायच्या आत मी बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बायका मासा बघायला येणार, म्हणून दानम्मानं काथ्या घेऊन टाकीची काच आतून बाहेरून लख्ख घासली. काचेवर आणि दगडांवर हिरवट थर होता तो सगळा गेला.

"काय वो, साहेबाच्या घरी कुणी घासत नव्हतं का? शेवाळ धरलं होतं की नुसतं!"

मीही तिचं कौतुक केलं. मेजर मात्र त्या काचेवरून तोंड फिरवत सारखे काहीतरी शोधत होते. मला वाटलं, आरशात बघतायत.

तिसरा दिवस रविवार. उन्हाळ्यात सोलापुरात ताजी पालेभाजी दुपारपर्यंत माना टाकते. म्हणून आमच्याकडे हरभऱ्याचा कोवळा पाला हिवाळ्यातच वाळवून डब्यात भरून ठेवतात, आणि मे महिन्यात शेंगदाण्याचं कूट घालून त्याची भाजी करतात. त्या दिवशी अव्वानं ती केली होती. गरम ज्वारीची भाकरी, भाजी, वर तेलाची धार. मी दोनदा वाढून घेतली.

"आज चव काहीतरी वेगळीच आहे, अव्वा."

"आंबट कमी, खारटच जादा. औंदाचा हरभराच तसला."

"पण झालीय झकास!"

संध्याकाळी मेजरना चिमूट घालायला गेलो तर ट्रंकेवर डबा नव्हता.

"अव्वा, इथला डालड्याचा डबा कुठाय?"

"घासून पालथा घातलाय की."

"आणि त्यातलं?"

"त्यातलं तू खाल्लास. दोनदा मागून घेतलंस."

पंधरा दिवसांचा शिधा आम्ही तिघांनी एका जेवणात संपवला होता. दानम्माला वेगळीच काळजी. "तिथं मासे फिरतात वो त्या गवतातनं! चालतं का आपल्याला?" अव्वानं क्षणभर विचार केला, मला पुन्हा आंघोळ करायला लावली, तिघांच्या कपाळाला विभूती फासली आणि निकाल दिला, "गवत ते गवत. झालं गेलं." काचेमागून मेजर आमच्याकडे बघत होते. स्वतःचं ताट दुसऱ्यानं चाटूनपुसून खाल्लेला माणूस बघेल तसं.

अदलाबदल करून टाकावी म्हणून मी आमचा खरा हरभऱ्याचा पाला त्यांना घातला. त्यांनी एक पान तोंडात घेतलं आणि मालवणी अभिमानानं थुंकून टाकलं.

मग माझी वणवण सुरू झाली. सकाळी सहाला मंडईत. पालक, राजगिरा, चाकवत, शेपू. पाला उकळत्या पाण्यातून काढायचा, गार करायचा, दगडाला बांधून तळाशी सोडायचा. सकाळी नऊला एकदा, संध्याकाळी सहाला एकदा, म्हणजे ऑफिसच्या वेळा सांभाळून. अर्ध्या तासात खाल्लं तर खाल्लं, नाहीतर पाणी नासेल म्हणून बाहेर. मेजर प्रत्येक जुडीपाशी येत, निरीक्षण करत आणि शेरा न मारता परत जात. चार दिवसांत त्यांचं पोट आत गेलं. माझंही गेलं, पण त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

त्यातच एका संध्याकाळी लाइट गेली. मी ट्रंकेशेजारी उकिडवा बसून सायकलचा पंप मारतोय, नळी टाकीत, घाम पायापर्यंत. खिडकीतून शेजारचे आबासाहेब डोकावले.

"पंचर झाली काय?"

"नाही, मासा."

"आन् टायर कुटं हाय?"

"टायर नाही. माशाला हवा घालतोय."

आबासाहेबांनी माझ्याकडे बघितलं, माशाकडे बघितलं, आणि खिडकी बाहेरून हळूच लोटून घेतली. तेव्हापासून ते मला रस्त्यात भेटले की वेड्याशी बोलावं तसं गोड बोलतात.

सातव्या दिवशी मालवणहून साहेबांचं कार्ड आलं. 'मेजर कसा आहे? यादीचं आल्यावर बघतो.' मी उत्तर लिहिलं, 'मेजर मजेत आहेत.' मेजर त्या वेळी एका अंगावर कलले होते. दानम्मा स्वयंपाकघरात नळाजवळ पाट घेऊन बसली होती आणि पदरानं नळ पुसत होती. खरं सांगतो, मी त्या माशापुढे हात जोडले. "मेजर, एक घास. तिच्यासाठी तरी."

अव्वा इतके दिवस माळ ओढत टाकीसमोर बसलेली असायची. ती म्हणाली, "गुरप्पा, तुजी समदी चूक हाय."

"माझी?"

"तू ह्येला जेवाय वाडतोस. दिसातनं दोनदा, ताटावर बसवल्यावानी. हे जेवनारं न्हाय. हे चरनारं हाय. बघ की, तोंड कसं सारखं हलतंय. काचेवरचं हिरवं चाटायचं, ते तुज्या बायकूनं घासून टाकलं."

आत पाट सरकल्याचा आवाज आला.

"आन् पाला खाली टाकतोस. आमच्या गावात सिदू धनगराच्या शेळ्या हुत्या. खाली पडलेल्या पाल्याला शेळी तोंड लावत न्हाय. वर टांगला की मान वर करून दिसभर कुरतडती. ऊठ, सूत आन."

चादरीच्या सुताचा एक लांब धागा मी आणला. अव्वानं उकळत्या पाण्यातून काढलेल्या पालकाची सैल जुडी बांधली, टाकीवर आडवी काठी टाकली आणि तीवरून जुडी पाण्यात लोंबती सोडली. पंपाच्या हवेनं पानं हलायला लागली. आम्ही तिघं श्वास धरून बसलो.

मेजर सरळ झाले. एक फेरी मारली. दुसरी मारली. मग खालून वर आले, पान ओठांत धरलं आणि झटका देऊन एक तुकडा तोडला. मग दुसरा.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दानम्मानं पदर तोंडाला लावला. ऑफिसला मी दोन तास उशिरा गेलो आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

त्यानंतर अव्वानं खातंच आपल्या हाती घेतलं. सकाळी टांगलेली जुडी दुपारी बदलायची, दुपारची संध्याकाळी. सोमवारी तिचा उपवास, पण मेजरना सूट. काचेला हात लावायला दानम्माला बंदी. खिडकीच्या उन्हानं पुन्हा हिरवा थर धरला. "ये मगा, ये," अशी अव्वानं हाक मारली की मेजर शेपूट हलवत वर येत. (मगा म्हणजे कानडीत बाळ. मला तिनं शेवटचं मगा म्हटलं तेव्हा मी दुसरीत होतो.) पुढे पुढे तर तिच्या बोटांतूनच पान ओढून घेऊ लागले. मी घातलं तर बघतही नसत.

सोळाव्या दिवशी साहेब थेट स्टेशनवरून आमच्याकडे आले. मेजर गरगरीत झाले होते, पट्टे चमकत होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला, मालवणहून आणलेल्या ताज्या गवताची चिमूट प्रेमानं पाण्यात सोडली आणि हाक मारली, "मेजर!"

मेजर जागचे हलले नाहीत.

"मेजर, अरे, मी आलोय!"

मेजरनी पाठ फिरवली. तेवढ्यात अव्वा जुडी घेऊन आली. "ये मगा." मेजर असे झेपावले, की साहेबांच्या शर्टावर पाणी उडालं.

साहेबांनी रुमालानं शर्ट पुसला. मग म्हणाले, "गुरप्पा, तुमचं नाव मी यादीतून खोडून घेतलं. तुमचं पत्र मिळताच, मालवणहून ट्रंककॉल करून."

आत दानम्मानं आनंदानं नळ पूर्ण सोडल्याचं मला ऐकू आलं.

"पण आता ते परत घालावं लागेल," साहेब म्हणाले. "अहो, माझीच बदली झालीय अकलूजला. आणि हा तुमच्या आईंशिवाय आठवडा काढायचा नाही."

मी अव्वाकडे आशेनं बघितलं. अव्वा म्हणाली, "अकलूज? उसाचा पट्टा त्यो. पानी बक्कळ, पाला बारा म्हैने हिरवा. हितं लेकराचं हालच हुत्यात."

लेकराचं म्हणजे मेजरचं.

दानम्माला समजावण्याचं काम मात्र माझ्यावर सोडलं गेलं. मी शब्द जुळवत आत गेलो, पण साहेब माझ्यापेक्षा हुशार. त्यांनी बाहेरूनच सांगितलं, की पार्वतम्मा जवळ असाव्यात म्हणून आम्हाला त्यांच्या बंगल्याच्या आवारातलंच क्वार्टर मिळेल आणि त्यात दोन नळ आहेत. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत दानम्मानं भांडी पोत्यात भरायला घेतली होती. जीपमध्ये पुढे साहेब, मागे मेजर, त्यांच्या एका बाजूला अव्वा, दुसऱ्या बाजूला दानम्मा. मी एस.टी.नं मागून गेलो, मांडीवर खाऱ्या पाण्याचा कॅन घेऊन.

अकलूजच्या ऑफिसात पहिल्या दिवशी सगळा स्टाफ ओळखीसाठी गोळा झाला होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. अठरा वर्षांची नोकरी, टायपिंगचा वेग, एकदाही मेमो नाही, असं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं. साहेब एकेकाची ओळख करून देत माझ्यापाशी आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

"आणि हे गुरप्पा. आमच्या मेजरकडे असतात."