चढ्या ‘स’चा बंदोबस्त

वजनमापे खात्यातल्या तपासनीसांनी रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर, एक साधासा निर्णय घेतला. बायकोचं रेकॉर्डिंग ऐकायचंच आहे, तर ते नीट ऐकायचं. (‘नीट’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला की घरातली माणसं आपापल्या खोल्यांत पांगतात.)

बायकोच्या दृष्टीने प्रकरण मोठं होतं. अंध मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्या एका संस्थेला वाचक हवा होता. लग्नाआधी तिच्या वाचनाचं कोण कौतुक व्हायचं! त्यानंतरची वीस वर्षं मात्र तिने मोठ्याने वाचलं ते फक्त विजेचं बिल आणि औषधाच्या बाटल्यांवरच्या सूचना. नमुना त्याच दिवशी पाचच्या आत पाठवायचा होता आणि तिचा सगळा जीव त्यात अडकला होता.

“अहो, एवढं ऐका,” फाइल देत ती म्हणाली. “काही खटकलं तर लिहून ठेवा. अगदी सावकाश होऊ द्या.” आणि तिने बेडरूमचं दार लावून घेतलं.

तपासनीसांनी टेबलावर दोन हेडफोन मांडले. एक जुना, कॉलेजात जाणाऱ्या मुलीने टाकून दिलेला. दुसरा नवाकोरा, परवाच आणलेला. वहीत दोन रकाने आखले. एकच वाक्य आधी जुन्यावर ऐकायचं, मग नव्यावर. जुन्यात बायको पोटभर जेवून बोलत असल्यासारखी वाटत होती. आवाज जाड, ऊबदार, किंचित पेंगुळलेला. नव्यात ती लख्ख होती, शब्दन्‌शब्द सुटा. पण बारीक आवाज इतके चढे होते, की ‘सशाने ससाण्याला सांगितलं’ हे वाक्य आलं की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं व्हायचं.

तपासनीसांनी डोळे मिटून ते वाक्य बावीस वेळा ऐकलं. नवा हेडफोन महागाचा, तेव्हा तो खोटं बोलणार नाही. म्हणजे दोष बायकोच्या ‘स’मध्ये! (वीस वर्षं हा ‘स’ आपण कसा सहन केला, याचं त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं.)

कॉम्प्युटरवर इक्वलायझर होता. उभ्या पट्ट्यांची रांग. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उजवीकडची एक पट्टी त्यांनी जराशी खाली ओढली. ‘स’ नरमला. शेजारची ओढली. आणखी नरमला. मग त्यांना हाव सुटली. पावणेपाचला उजवीकडच्या सगळ्या पट्ट्या तळाशी लोळत होत्या आणि ससाणा लोण्यासारखा मऊ झाला होता. तपासनीसांना भरून आलं. बायकोसाठी आपण कधी काही केलं नाही, आज करू या, असं म्हणत त्यांनी अर्जावरचा पत्ता शोधला आणि ती फाइल परस्पर संस्थेला पाठवून दिली.

पाणी प्यायला आलेल्या मुलीला त्यांनी कौतुकाने फोनवर ती ऐकवली.

“आई रजईत शिरून का बोलतेय?”

“रजई कसली? अगं, ‘स’ बघ किती मऊ आलाय!”

“‘स’ आहेच कुठे? इथे कुणी फफा फफाण्याशी बोलतोय.” तिने मूळ फाइल लावली. आवाज स्वच्छ, गोड, कुठेही न टोचणारा. “बाबा, आईचा ‘स’ छान आहे. तुमचा हेडफोनच कर्कश आहे! त्या पट्ट्या आपल्या ऐकण्यापुरत्या खाली करायच्या असतात. तुम्ही तर रेकॉर्डिंगच कापलंत!”

तपासनीस मटकन खाली बसले. तराजू चुकत असेल तर तराजू दुरुस्त करा, मालाला हात लावू नका, हे चोवीस वर्षं ते दुकानदारांना दरडावून सांगत आले होते. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांना लाज वाटली.

बेडरूमचं दार उघडलं. तपासनीसांनी उभं राहून एका दमात सगळा गुन्हा कबूल केला. बायको काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. संस्थेच्या बाई होत्या. तिने स्पीकर लावला.

“तुमच्या नावाने दोन नमुने आलेत. पहिला फारच सुंदर, पुढच्या आठवड्यापासून वाचायला लागा. दुसऱ्यातल्या बाई कोण? त्यांची तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे,” बायको म्हणाली. “ह्यांचीच जरा बघायला हवी.” तिने फोन ठेवला. तिचा चेहरा कॉलेजातल्या मुलीसारखा फुलला होता.

“पहिला नमुना?” तपासनीस चाचरले. “तो तू वाचलास कधी?”

“आता, दुपारी. तुम्हाला दिलं ते कालचं, सरावाचं होतं.”

“मग मला ऐकायला कशाला दिलंस?”

“सकाळपासून चारदा वाचलं. चारही वेळा मध्येच तुमचं गुणगुणणं, नाहीतर खुर्ची ओढणं, नाहीतर ‘अगं, माझा चष्मा कुठे?’ तुमच्या कानांवर काही चढवल्याशिवाय या घरात शांतता होत नाही हो.”

मग ती मुलीकडे वळली.

“बाबांना आणखी एक हेडफोन आणून दे गं. दोनांची तुलना होईपर्यंत माझी एक गोष्ट वाचून झाली. तीन असले तर आख्खं पुस्तक होईल.”