परामटर आजा

नामदेवराव कापगते कोणालाही वाक्य पूर्ण करू देत नाहीत. ते मध्येच बोलतात असं नाही. मध्येच बोलणाऱ्यांशी निदान भांडता येतं. नामदेवराव समोरचा थांबण्याची वाट बघतात. तो शब्दासाठी जरा अडखळला की ओठ न हलवता पुढचा शब्द कुजबुजतात. ती कुजबूज इतकी वेळेवर येते की समोरच्याच्या तोंडून तोच शब्द निघतो. एकदा किराणा दुकानात मी 'एक किलो' म्हणून थांबलो. मागून 'साखर' आलं, मी 'साखर' म्हणालो. मला पोहे हवे होते. साखर घेऊन घरी आलो आणि बायकोला काय सांगावं, या विचारात दारात उभा राहिलो, तर कुंपणापलीकडून कुजबूज आली, "पोहे संपले होते."

ते माझे शेजारी आहेत. सडक अर्जुनीच्या पुढे, हायवेला लागून आमचं गाव आहे. त्यांच्या आणि माझ्या घरात तुराट्यांचं एक कुंपण आहे आणि त्यातून सगळं ऐकू येतं. मी एका दैनिकाचा वार्ताहर. लोकांनी स्वतःच्या शब्दांत बोलावं, यावर माझं पोट चालतं. माझ्यासारख्याच्या शेजारी असा माणूस राहायला असावा, याचा मला जितका त्रास होतो तितका हायवेच्या ट्रकांचाही होत नाही.

धानाची कापणी झाली की आमच्या पट्ट्यात नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावी मंडप पडतात आणि नट आज या गावात, उद्या त्या गावात अशी धावपळ करतात. संवाद पाठ करायला वेळ कोणाला असतो? म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो. तो अख्खं नाटक कुजबुजतो आणि नट ते मोठ्यानं म्हणतात. नामदेवरावांनी उमेदीची सगळी वर्षं हे काम केलं. राजा, खलनायक, सासू, इन्स्पेक्टर, साऱ्यांच्या तोंडात वाक्यं घातली. पुढे दात गेले, कवळी आली आणि कुजबुजीत बारीक शीळ घुसली. नायिका प्राण सोडताना विंगेतून शीळ ऐकू येते आणि प्रेक्षक हसतात, अशी तक्रार झाली. कंपनीनं त्यांना नारळ दिला. सवय मात्र कंपनीच्या हातात नव्हती.

ग्रामीण रुग्णालयात तळपायाला गळू झालेला एक शेतकरी रांगेत त्यांच्या पुढे होता. डॉक्टरांनी काय होतं म्हणून विचारलं. तो बोलायला लाजला. मागून आलं, "छातीत कळ येते." तो तसंच म्हणाला. नाटकात सगळ्यांना छातीतच कळ येते. त्या माणसाचा ईसीजी निघाला, त्याला झोपवून ठेवलं आणि संध्याकाळी तो लंगडत घरी आला. गळू होतं तिथेच होतं.

गावात एकाच व्यक्तीवर ही कुजबूज चालत नसे. त्यांची बायको, पारबताबाई. त्या आपली वाक्यं आपणच पूर्ण करत आणि नवऱ्याचीही करत. मागच्या पावसाळ्याआधी त्या गेल्या. मुलगा रायपूरला कामाला आहे, तो क्रियाकर्म उरकून परत गेला. तेव्हापासून संध्याकाळी कुंपणापलीकडून एक नवाच प्रकार ऐकू येऊ लागला. कुजबूज, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा कुजबूज. शब्द कळत नसत. म्हातारा जुनी नाटकं घोकतो आहे, असं समजून मी खिडकी लावून घेत असे.

दिवसा ते अंगणवाडीत असत.

आमच्या अंगणवाडीच्या सेविका वनिताताई. लेकरांना अंगणवाडीत आणून टाकलं की काम संपलं, असं आईबापांना वाटतं, हे त्यांना मान्य नव्हतं. घरी लेकरू काय करतं ते ताईंना कळलं पाहिजे, इथं काय करतं ते आईला कळलं पाहिजे आणि एका आईची अडचण दुसरीला कळली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी पालकसभा सुरू केली. प्रत्येकीनं उठून आपल्या लेकराबद्दल एक तरी गोष्ट सांगायची. पहिल्या सभेत सगळ्या बाया पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. कोणी उठलं नाही. वनिताताई माझ्याकडे येऊन म्हणाल्या की या बाया नळावर तासभर बोलतात, मग इकडंच काऊन मुक्या होतात.

दुसऱ्या सभेला नामदेवराव आपणहून आले आणि भिंतीला टेकून मागे बसले. सभा रंगली. एकीमागून एक बाई उठली आणि न अडखळता बोलली. एकीनं सांगितलं की तिचं लेकरू तिच्या अंधाऱ्या आयुष्यातला एकच दिवा आहे. दुसरी म्हणाली, नियतीनं कितीही घाव घातले तरी ती हार मानणार नाही. तिसरी म्हणाली, "मी विष घेईन, पन लेकराले शिकवीन." वनिताताईंना घाम फुटला. सभा संपताच त्या तिच्या घरी धावल्या. ती चुलीपुढे निवांत भाकरी थापत होती. तिचं म्हणणं एवढंच होतं, की पोरगा भाजी खात नाही. पण ते सांगायला तोंड उघडलं आणि मागून विष आलं.

ताईंनी नामदेवरावांना समजावलं. ते मान हलवत गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आले. त्यांचं नातवंड अंगणवाडीत नाही. तरी रोज येतात, पाण्याचं मडकं भरतात, लेकरांच्या चपला जोडीनं लावतात आणि मग भिंतीशी बसून गाण्यांचे शब्द पुरवतात. लेकरं त्यांना परामटर आजा म्हणू लागली. तुमी कायले येता, असं कोणी विचारलं तर ते छातीवर हात ठेवून म्हणत, "कलाकाराची सेवा कधी संपत नसते." हेही कुठल्यातरी दुसऱ्या अंकातलं असावं.

नुकसान हळूहळू दिसू लागलं. लेकरं जसं ऐकतात तसं बोलतात, आणि ही लेकरं दिवसभर कुजबूज ऐकत होती. आधी दोघं-तिघं कुजबुजू लागली, मग सगळी. नामदेवरावांच्या कवळीची शीळही त्यांनी उचलली. सुपरवायझर मॅडम पाहणीला आल्या तेव्हा वनिताताईंनी लेकरांना उभं करून गाणं म्हणायला सांगितलं. अख्ख्या अंगणवाडीनं हातवारे करत, तालात, एका सुरात, शीळ घालत कुजबुजून गाणं म्हटलं. मॅडमनी कानातलं यंत्र काढून पुन्हा बसवलं. मग त्यांनी ताईंना बाजूला घेतलं आणि लेकरांना इथं कोणी धमकावतं का, असं विचारलं.

गावातली तक्रार वेगळी होती. माझ्या मागच्या गल्लीत सुषमा राहते. तिची आरोही चार वर्षांची, नामदेवरावांची सगळ्यात तयार शिष्या. ती आता घरीही प्रॉम्प्टिंग करू लागली होती, पण तिच्याजवळ नाटकातले संवाद नव्हते. जे पाहिलं तेच ती पुरवायची. सुषमानं नवऱ्याला संध्याकाळभर कुठे होतात म्हणून विचारलं. तो 'मी' म्हणून थांबला. खाटेखालून कुजबूज आली, "धाब्यावर." तो "धाब्यावर" म्हणाला. त्याला 'शेतावर' म्हणायचं होतं. असं आणखी दोन-तीन घरांत झालं आणि जे बाप एकाही पालकसभेला आले नव्हते, ते सगळे वनिताताईंच्या दारात येऊन उभे राहिले. म्हाताऱ्याला बंद करा, एवढीच मागणी. सुषमाचंही तेच म्हणणं होतं, फक्त कारण निराळं. तिची सासू कमी ऐकते. पोरगी मुकी झाली म्हणून ती सगळीकडे सांगत सुटली होती.

वनिताताईंनी सभा बोलावली. एकच विषय होता. नामदेवरावांनी उद्यापासून यायचं की नाही. बातमी होण्यासारखं काही नव्हतं, पण मी शेजारी, म्हणून मलाही बसवलं.

अंगणवाडीची खोली भरली होती. बाप उभे, आया चटईवर, लेकरं मांडीत. नामदेवरावांना यावेळी भिंतीशी बसू दिलं नाही, सगळ्यांच्या समोर बसवलं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सुषमानं पोरीचं सांगितलं. धाब्याचा विषय कोणी काढला नाही, पण बापांच्या चेहऱ्यावर तो होता. एकजण म्हणाला, "आमचे लेकरं इकडं बोलाले शिकाले पाठवतो, कानात फुसफुस कराले नाई." बायांपैकी एक नामदेवरावांची बाजू घ्यायला उठली, मागून शब्द येईल म्हणून थांबली, आला नाही, तशी खाली बसली.

वनिताताई उठल्या. एरवी त्या त्यांना मामाजी म्हणतात.

"कापगतेजी, मी एकच विचारून रायली. तुमचं लेकरू इकडं नाई, नातू नाई. मंग तुमी रोज कायले येता? आन् नाटकातलं नोका सांगू. तुमच्या तोंडानं सांगा. मंग काय ते ठरवू."

नामदेवराव उभे राहिले. सवयीनं त्यांनी मान डावीकडे वळवली. विंग असती तर तिथे असती. तिथे तांदळाचं पोतं होतं.

"मी इकडं येतो," ते म्हणाले आणि थांबले. आवाज कुजबुजीचाच होता. मागच्यांनी ऐकू येत नाही म्हणून ओरड केली. ते पुन्हा म्हणाले, "मी इकडं येतो, कारन..."

पुढे काही आलं नाही. उजवा हात छातीकडे गेला, ताईंकडे बघून खाली आला. मी बऱ्याच पुढाऱ्यांना भाषण विसरताना पाहिलं आहे. ते खोकतात, पाणी मागतात. नामदेवरावांना त्यातलं काही जमलं नाही. ज्याच्या तोंडात शब्द नाही त्याला शब्द मिळतोच, एवढंच त्यांना आजवर माहीत होतं. ते वाट बघत उभे राहिले. एका बापाला हसू आलं, त्यानं तोंड फिरवलं. मलाही वैताग आला. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं पुरी केली, आता स्वतःचं एक तेवढं करा, असं मनात म्हणत होतो.

तेव्हा सुषमाच्या मांडीवरून कुजबूज आली. वेळेवर, ओठ न हलवता, बारीक शीळ घालून.

"घरी कोनी नाई."

सुषमानं आरोहीच्या तोंडावर हात ठेवला. उशीर झाला होता. नामदेवरावांनी तेच केलं जे त्यांच्या शब्दावर सगळ्या नटांनी केलं होतं.

"घरी कोनी नाई," ते म्हणाले. मोठ्यानं. त्यांचा खरा आवाज गावानं तोवर ऐकला नव्हता. तो चांगला भारी होता, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा.

मग ते आरोहीकडे जरा वाकले आणि कान पुढे केला. पुढचं वाक्य हवं होतं. सुषमानं हात काढून घेतला. आरोहीनं विचार केला.

"एवडंच," ती कुजबुजली.

"एवडंच," नामदेवराव म्हणाले आणि खाली बसले.

उभ्या बापांपैकी एकजण खाली बसला, मग दुसराही. सुषमा मांडीवरच्या पोरीच्या वेणीची सुटलेली रिबीन बांधत होती आणि ती तिला बांधता येत नव्हती. वनिताताईंनी कोणालाही मतं विचारली नाहीत.

"उद्यापासून मांगं बसाचं नाई, मामाजी," त्या म्हणाल्या. "लेकराइच्या मधात बसा. आन् जे बोलाचं ते मोठ्यानं बोला. फुसफुस केली तं मी स्वतः घरी नेऊन सोडीन."

सुषमानं मान वर केली. "आन् आमच्या बुढीसंग बोलाले येत जा," ती म्हणाली. "तिले तुमच्या आताच्या आवाजात आयकू येईल."

सभा संपली. मी घरी आलो.

संध्याकाळी अंगणातल्या झाडांना पाणी घालत होतो. कुंपणापलीकडे रोजचा प्रकार सुरू झाला. फक्त ताईंचा हुकूम म्हातारा घरीही पाळत होता. पहिल्यांदा मला शब्द कळले.

"गाय बांधली का वं?"

थोडा वेळ काही नाही. एक वाक्य बोलायला लागतो तेवढाच वेळ.

"पाय दुखून रायला का आज?"

पुन्हा तेवढाच वेळ. मी हातातला पाइप खाली ठेवला. म्हातारा नाटक घोकत नव्हता. तो आपली वाक्यं म्हणत होता आणि दुसऱ्या बाजूच्या वाक्यांसाठी जागा सोडत होता. तिकडून काही येत नव्हतं, तरी जागा तेवढीच सोडत होता, आणि मी इतके दिवस खिडकी लावून घेत होतो.

"जेवाले काय केलं?"

मी कुंपणाजवळ गेलो. कुजबुजून चालणार नव्हतं.

"वांग्याची भाजी," मी म्हणालो. "या."

पलीकडे शांतता झाली. या वेळची जरा लांबली. मग चपला पायात घातल्याचा आवाज आला.