पास करणारं मशीन

"बठ्ठासना मोबाईल आठे टाका!"

चपला पायात, पिशव्या हातात आणि उंबरा अजून ओलांडायचाच होता, तेवढ्यात सुनंदाबाईंनी फर्मान सोडलं. सकाळच्या गाडीने दोंडाईच्याहून त्या नातीला, दिपमालाला घेऊन जळगावात उतरल्या होत्या आणि रिक्षाने थेट पिंप्राळ्यात भाऊ हितेंद्रच्या घरी आल्या होत्या. आज दुपारी एक वाजता बारावीचा निकाल. दिपमालाचे आईवडील सुरतेला, पोर लहानपणापासून आजीच्या पदराखाली वाढलेली. पास झाली तर धुळ्याला नर्सिंगला जायची; नाही झाली तर काय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

भावजय मोहिनीने आपला मोबाईल दिला. मग नवऱ्याचाही दिला. सुनंदाअक्कांनी स्वयंपाकघरातला दादर ज्वारीचा डबा ओढला, सगळे मोबाईल त्या ज्वारीत कोपरापर्यंत हात घालून पुरले, झाकण दाबलं आणि शेजारी पाट मांडून त्यावर स्वतः बसल्या.

"आते निकाल हितूना मशीनवरच देखसूत," त्या म्हणाल्या.

हितूचं मशीन म्हणजे हितेंद्रचा कॉम्प्युटर. विकत आणलेला नव्हे, बनवलेला. वीसेक वर्षांपूर्वी तयार कॉम्प्युटर घेणं परवडत नव्हतं, म्हणून हितेंद्र आणि त्याचा धुळ्याच्या हॉस्टेलमधला दोस्त प्रशील यांनी एकेक भाग गोळा करून तो जोडला होता. धुळ्यात एक सायबर कॅफे बंद पडलं, तिथला जाडजूड मॉनिटर दोघांनी एसटीत मांडीवर घेऊन आणला. कंडक्टर म्हणाला, एवढा मोठा आहे, याचं अर्धं तिकीट पडेल. आणि फाडलं की हो त्याने!

त्या वर्षी अक्कांचा धाकटा मुलगा झुलाल बारावीला होता. चार विषयांत तो जाणार याबद्दल खुद्द झुलालचंही दुमत नव्हतं. पण निकाल या मशीनवर पाहिला आणि गडी पास! तेव्हापासून पिंप्राळ्यातली अर्धी कॉलनी निकालाच्या दिवशी हितेंद्रच्या दारात असे. चपलांचा ढीग रस्त्यापर्यंत जायचा, मोहिनी पातेलंभर सरबत करायची, आणि हितेंद्र खुर्चीत बसून एकेकाचा नंबर टाकायचा. नाव उमटलं की घर डोक्यावर घ्यायचे लोक. मग मोबाईल आले. आता कुणाला कशाचं काही विचारायला हितेंद्रकडे यावं लागत नव्हतं. उलट परवा बँकेत एका पोराने त्यालाच पैसे कसे पाठवायचे ते शिकवलं, आणि वर 'काका' म्हणाला.

अक्कांचा विश्वास मात्र ढळला नव्हता. "समोरना युवराजना निकाल मोबाईलवर देखा. काय व्हयनं? गणितमा दोन मार्क कमी!" एवढ्या भक्कम पुराव्यापुढे कोण बोलणार?

अडचण एकच होती. आठवड्यापूर्वी हितेंद्रने मशीन लावून पाहिलं, तर त्यातल्या जुन्या सिस्टिममध्ये निकालाची साईटच उघडेना. नवी सिस्टिम टाकायला हवी होती. म्हणून त्याने प्रशीलला फोन केला. प्रशील धुळ्याला आयटीआयमध्ये शिकवतो. तो सकाळच्या एसटीने आला, खिशात लिनक्स नावाची, जुन्या मशीनला झेपणारी सिस्टिम भरलेली सीडी आणि हातात स्क्रू ड्रायव्हर.

"अर्ध्या तासाचं काम आहे भो," दारातच तो म्हणाला. त्याचाही मोबाईल दादरमध्ये गेला.

कॅबिनेटचं बटण दाबलं, दिवा लागला, पंखा कण्हला. सीडीसाठी बटण दाबलं, तर ट्रे बोटभर बाहेर आला आणि अडकला. पुन्हा दाबलं, पुन्हा बोटभर. प्रशीलने मोहिनीकडून केसांची पिन मागितली, फटीत घातली आणि अलगद ओढली. बाहेर आला एक तांदूळ. कुंकू लावलेला.

"हितू, हे काय?"

"अक्षता."

"सीडी ड्राइव्हमध्ये?"

"दसऱ्याला पूजा करतो ना आम्ही मशीनची."

मग आणखी निघाले. पिनेच्या टोकाला एकेक दाणा येत होता. प्रशीलने कॅबिनेट आडवं केलं, तर आतून झेंडूच्या पाकळ्यांचा चुराच गळला.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, याला फडकं मार, हळदकुंकू नको," प्रशील म्हणाला. "तू ऐकशील तर शपथ! इथे लग्न लागेल एवढ्या अक्षता आहेत."

हितेंद्र हसला आणि मध्येच थांबला. पंख्याच्या जाळीत आपट्याचं एक वाळलेलं पान उभं खोचलेलं होतं. "हे आईचं," तो म्हणाला. "ती पान असं उभंच खोचायची. म्हणायची, सोनं आहे, पडायला नको." आईला जाऊन सात दसरे झाले होते. प्रशीलने ते पान अलगद काढलं आणि मॉनिटरच्या डोक्यावर ठेवलं.

ट्रे मोकळा झाला, तर मशीनने तीनदा शिट्टी मारली आणि गप्प बसलं.

"रॅम," दोघंही एका सुरात म्हणाले, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा दोघांना हॉस्टेलसारखं खदखदून हसू आलं. "दिपमाला, खोडरबर आण गं!"

दिपमालाने कंपासपेटीतलं रबर आणून दिलं. हितेंद्र रॅमच्या पट्टीचे काळवंडलेले सोनेरी दात घासू लागला. मे महिना, जळगावचं ऊन, घामाच्या धारा. त्याने कूलर ओढून मशीनच्या तोंडासमोर लावला.

"अहो, माणसांनी काय करायचं?" मोहिनीने विचारलं.

"माणसांनी सावलीत बसायचं. याला ताप चढला तर सगळं मुसळ केरात."

एकदाचं मशीन सुरू झालं. पडद्यावर निळी पट्टी आली आणि गोगलगायीच्या चालीने सरकू लागली. दहा टक्के. बारा टक्के. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला.

"निकाल लागला असेल रे."

"लागू दे. पळून थोडीच जातो?" प्रशील म्हणाला. "मी जरा पाणी पिऊन येतो."

तो पाणी प्यायला गेला तो चांगला दहा मिनिटं आलाच नाही. आत भांड्याचा आवाज झाला, कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं, मग कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. हितेंद्रला उठून बघायचं होतं, पण पट्टी सोडून जायची त्याची हिंमत होईना. प्रशील परत आला तेव्हा अगदी शांत दिसत होता. त्याच्या बाहीला एक दाणा चिकटला होता. हितेंद्रने तो चिमटीत धरला.

"ही तर ज्वारी. ही कुठून आली?"

"तुमच्या पूजेतलीच असेल," प्रशील पडद्याकडे बघत म्हणाला. "तुम्ही लोक काय काय वाहता, मला काय माहीत!"

थोड्या वेळाने अक्का बाहेर आल्या. "मंदिरमा जाई येस," म्हणाल्या आणि भर उन्हात पदर डोक्यावर घेऊन निघाल्या. पोरीसाठी देव पाण्यात घातलेत बिचारीने, असं हितेंद्रला वाटलं. दिपमाला पंख्याखाली बसून गुणगुणत होती. भीतीने माणूस काहीही करतं. स्वयंपाकघरातून आमरसाचा आणि पुरणाचा वास येत होता. मोहिनीला ताण आला की ती रांधत सुटते, हे त्याला लग्नापासून ठाऊक होतं. सगळ्यांची ही अवस्था पाहून त्याला अधिकच जबाबदारी वाटू लागली.

ऐंशी टक्के. नव्वद टक्के. आणि लाईट गेली.

कूलर थांबला, पंखा थांबला, पट्टी नाहीशी झाली. हितेंद्र काळ्या पडद्यातल्या स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिला. मग उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. अक्का देवळातून परत येऊन पुन्हा डब्याशेजारी बसल्या होत्या.

"अक्का, काढा मोबाईल," तो म्हणाला. "माझ्याने होत नाही. मशीनपण म्हातारं झालं आणि मीपण. त्या पोरीला किती वेळ टांगून ठेवायचं? तिने सकाळपासून धड खाल्लं नसेल."

दिपमालाच्या हातात त्या वेळी दुसरी पुरणपोळी होती. ती तिने पाठीमागे लपवली. मोहिनीने अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी मोहिनीकडे.

"नही," शेवटी अक्का म्हणाल्या. "लाईट उनी का परत लाव. आमले कोठे जानं शे?"

एवढा विश्वास! तो तोंडावर पाणी मारून पुन्हा बाहेर आला. लाईट आली, तशी पट्टी शून्यापासून निघाली, आणि या खेपेला कुठेही न अडखळता शंभराला टेकली. नवा कोरा पडदा उजळला. दोघा मित्रांनी एकमेकांच्या पाठीत गुद्दे घातले. मग प्रशीलचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं.

"हितू, याच्या मते आज एक जानेवारी दोन हजार पाच आहे. एवढ्या जुन्या तारखेवर साईट उघडायची नाही. सेल उतरला वाटतं." त्याने आत वाकून पाहिलं. "उतरला कसला? सेल नाहीच इथे!"

"मोहिनी!"

मोहिनी पदराला हात पुसत आली. "तो गोल, रुपयासारखा? तो मी वजनकाट्याला लावलाय. काट्याचा संपला होता, आणि तुमचं मशीन काय, बंदच असायचं. वर झाकणही नाही. मला वाटलं, जास्तीचा असेल."

"मशीनचं काळीज काढलंस तू!"

"द्यायची म्हणजे देते, पण साखर मोजून होऊ द्या."

साखर मोजून झाली, काळीज परत बसलं, प्रशीलने तारीख लावली आणि मशीन वीस वर्षं पुढे आलं. राहिलं होतं फक्त इंटरनेट. जुन्या मशीनला वायफाय कुठलं? मोबाईल केबलने जोडून त्यातून नेट घ्यावं लागणार होतं. हे कळताच अक्का उभ्या राहिल्या.

"म्हंजे निकाल मोबाईलमाईनच उना ना?"

"अक्का, मोबाईल फक्त नळ शे," हितेंद्र काकुळतीने म्हणाला. "नळ कोनताबी राहो, हंडा ते आपलाच शे ना?"

हे अक्कांना पटलं. पण मोबाईल कुणाचा घ्यायचा? प्रशील म्हणाला, माझी बॅटरी संपलीय. मोहिनी म्हणाली, माझ्यातलं नेट संपलंय. हितेंद्रचा होता जुना साध्या बटणांचा. सगळ्यांनी दिपमालाकडे पाहिलं. "माझा नको ना आबा," ती पुटपुटली, पण हितेंद्रने स्वतः दादरमध्ये हात घातला, तिचा मोबाईल काढला, झटकला आणि पुढे केला. "अगं, घाबरतेस काय? उघडून दे." तिने लॉक उघडला. त्याने केबल जोडली, मोबाईलने काहीतरी विचारलं, त्याने 'हो' दाबलं.

नवी सिस्टिम मोठी तत्पर. नेटच्या आधी तिने मोबाईलमधल्या फोटोंची खिडकीच उघडली, आणि हितेंद्रने खिडकी बंद करायला जाऊन नेमका पहिल्याच फोटोवर क्लिक केलं. धुळ्याच्या त्या जाडजूड मॉनिटरवर फोटो कडेपासून कडेपर्यंत पसरला. त्यात दिपमालाचं पूर्ण नाव होतं, खाली विषय होते, त्याखाली 'उत्तीर्ण' आणि अठ्ठ्याहत्तर टक्के. वरच्या कोपऱ्यात वेळ होती, एक वाजून चार मिनिटं.



हितेंद्रने मागे वळून पाहिलं. दिपमाला पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती. मोहिनीने तोंडाला पदर लावला होता. प्रशील बाहीवरची ज्वारी शोधत होता.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना..."

"माझा काही दोष नाही हं," प्रशील म्हणाला. "मी खरंच पाणी प्यायला गेलो होतो."

"मग डबा कोणी उघडला?"

सगळ्यांनी अक्कांकडे पाहिलं. अक्कांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला आणि दोरा सोडू लागल्या. मंदिराची वाट मिठाईच्या दुकानावरून जात होती तर.

"मीच उघाडा," त्या म्हणाल्या. "एक वाजना आनि मना जीव ऱ्हायना नही."

"मग मला का नाही सांगितलं? इतका वेळ मी त्या पट्टीकडे डोळे लावून बसलो!"

"काय सांगू? तू आनि प्रशील आठे बठीसन हासी राह्यंतात. कितला वरीसमा तुले असं हासतां देखं, भाऊ." अक्कांनी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळला. "पोर ते एक वाजताच पास व्हयनी. तुना निकाल बाकी व्हता." त्यांनी एक पेढा काढून त्याच्या तोंडात कोंबला. "तू बी पास व्हयना."

हितेंद्रने पेढा संपवला. त्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला आणि खुर्चीवर नीट बसला.

"बैठक नंबर सांग," तो दिपमालाला म्हणाला. "असं अर्धवट नाही चालायचं."

दिपमालाने नंबर सांगितला. त्याने एकेक आकडा जपून टाकला. सगळे त्याच्या खुर्चीमागे दाटीवाटीने उभे राहिले. पान वरून खाली, ओळीओळीने, सावकाश उमटू लागलं, पहिल्यासारखंच. अक्कांनी नातीचा हात घट्ट धरला. नाव आलं, विषय आले, आणि 'उत्तीर्ण' दिसताच घरात असा गलका झाला की समोरच्या घरातून युवराज बाहेर येऊन बघायला लागला. सगळ्यात मोठ्याने अक्काच ओरडल्या.

जेवणं झाली. मोहिनीने नवऱ्यापुढे हात पसरला. "आता तो सेल द्या. उद्या कॉलनीत वाटायला लाडू करायचेत."

"अगं, सेल काढून मशीन बंद केलं की ते परत दोन हजार पाचमध्ये जाईल."

"जाऊ द्या की," मोहिनी म्हणाली. "आपण तरी आत्ता कुठून आलो?"