तपकिरी साखरेचा पाक आणि पाणी समिती

साखर कारखान्यात एकवीस वर्षं काढलेल्या माणसाला पाक कसा करायचा हे कुणी शिकवू नये! हे वाक्य मी जयंतीच्या मीटिंगमध्ये उभं राहून, माईक नसताना माईकच्या आवाजात म्हणालो. ही एकवीस वर्षं मी टाईमकीपर म्हणून गेटवरच्या खोलीत काढली, हा तपशील कुणी विचारला नाही, म्हणून मी सांगितला नाही.

दोन हजार सोळाचा उन्हाळा होता. बाबासाहेबांची सव्वाशेवी जयंती आणि मिरवणुकीला सरबत द्यायचं काम आमच्या वस्तीकडं. साखर होती, कारखान्याची. दोन हंगाम ऊस नव्हता, धुराडं थंड पडलं होतं, पण सभासदांना सवलतीची साखर द्यायची परंपरा मोडायची कशी? मग संचालक मंडळानं गोदामाचा तळ झाडून ती वाटली. रंग ओल्या मातीचा, ढेकळंही तशीच. सभासद ओरडले तेव्हा सर्वसाधारण सभेत खुलासा झाला, की हा साखरेचा नैसर्गिक रंग असून शहरातले लोक अशीच मागून घेतात. विषय मंजूर, टाळ्या, चहा. चहा पांढऱ्या साखरेचा.

गंमत म्हणजे पुण्याच्या माझ्या लेकीनं फोनवर तेच सांगितलं. "पप्पा, इथं ब्राउन शुगर सिरप बाटलीत मिळतं. कॉफीत घालतात." झालं! मी वस्तीतून पंचवीस किलो ढेकळं गोळा केली.

"आवो, नुसती पाण्यात कालवली तरी सरबत होतंय की," मालन म्हणाली. मालन म्हणजे आमची बायको. "पाक कावून करायचा?"

"ढेकळात कचरा हाय. उकळला की वर येतो. शास्त्र असतंय त्याला!"

"शास्त्र तुमचं, पातेलं माझं. जाळू नका."

हे पातेलं पितळी, तीस लिटरचं, तिच्या मामानं लग्नात दिलेलं. लग्नकार्याला कुणी मागायला आलं तर मालन त्याला चहा पाजते, ख्यालीखुशाली विचारते आणि पातेलं न देता परत पाठवते. मला मात्र मिळालं. बाबासाहेबांचं काम म्हटल्यावर ती नाही म्हणू शकली नाही.

तेरा तारखेला सकाळी अंगणात तीन दगडांची चूल मांडली. ज्या दिवसांत आम्ही भाजी धुतलेल्या पाण्यात फडकी धूत होतो, त्या दिवसांत मी एक अख्खा हंडा पाणी ढेकळांवर ओतलं. बघणाऱ्या बायकांनी श्वास रोखला. उकळी आली, काळा फेस वर आला, मी तो झाऱ्यानं काढला. लिंबू पिळलं. आता एकतारी झाला का बघावं म्हणून थेंब बोटावर घेतला, आणि बोट तोंडात घालून अंगणात तीन फेऱ्या मारल्या.

"जाळ बारीक करा," मालन म्हणाली.

"तुला कारखान्यातलं काय कळतंय?"

जाळ मोठाच राहिला. पाक आधी चहासारखा झाला, मग काढ्यासारखा. थोडा करपलाही, पण शहरात करपल्याचेच जास्त पैसे घेत असावेत.

पाक उतरवला आणि मुंग्या आल्या. तालुक्यातल्या सगळ्या मुंग्या त्या दिवशी आमच्या गावात, चकलांब्यात होत्या! चुलीवरून, भिंतीवरून, माझ्या पायजम्यावरून. मालन ओरडली, "ते आधी घराबाहेर काढा!"

बाहेर म्हणजे कुठं? मला एकदम सुचलं. वस्तीचा हौद! हजार लिटरचा, सिमेंटचा, कडुलिंबाखाली, गार आणि ठणठणीत कोरडा. टँकर तीन दिवसाआड यायचा, पाळी पंधरा तारखेची. मी शेजारच्या त्रिंबकला हाताशी घेतलं, उन्हात बाहेर कुणी नसताना दोघांनी पातेलं दोरानं हौदात सोडलं, वर ताट झाकलं. त्रिंबक लिंबं आणायला गेवराईला गेला. मी मस्टरवर सही करायला कारखान्यात गेलो. कारखाना बंद असला तरी सही चालू होती, आणि सगळे वेळेवर येतात का हे बघायला मी होतो.

परतलो तर वस्तीत गर्दी! हौदाजवळ दगडाबाई, वय सत्तर, आवाज पंचविशीतला, तांब्या उंच धरून सांगत होती, "गोड लागतंय! पानी गोड लागतंय, आन् रंग बघा त्याचा!"

मी पुढं होऊन डोकावलो. हौद काठोकाठ भरला होता.

टँकरवाला मुनव्वर घाम पुसत पुढं आला. "जालिंदरभाऊ, तुमीच म्हनलं ना, सरबताला पानी पायजे, दोन दिस आधी ये? मी न्हाई म्हनलतो. पर म्हनलं, साल में एक बार जयंती आती. दुसरीकडची खेप इकडं आनली. अन् हे लोक म्हन्तेत मी मळी वाहिली टाकीतून!"

मळी म्हणजे साखर काढल्यावर उरतो तो काळा रस. कारखान्याच्या टाकीतली उरलेली मळी टँकरनं जात होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोड आणि तपकिरी पाण्याला दुसरं कारण कुणाला सुचणार? मला सुचत होतं. पण मला कुणी विचारलं नाही.

इतक्यात पाणी वाटप समिती आली. आमच्या गावच्या समितीकडं चेअरमन भगवानराव, सात सदस्य, एक रबरी शिक्का आणि रजिस्टर आहे. पाणी सोडून सगळं आहे. अक्षर चांगलं म्हणून सचिव मी!

"लिहा," भगवानराव म्हणाले. "पंचांसमक्ष पाण्याची चव घेतली. चव गोड."

मी लिहिलं.

"सबब सदर टँकर आजपासून बंद. दुसरा मिळायला धा-बारा दिवस लागतील, तवर वस्तीनं सहकार्य करावं."

"साहेब, माझं पोट हाय त्याच्यावर!" मुनव्वरचा आवाज चिरकला. "कुरान की कसम, टाकी साफ होती!" आणि तो माझ्याकडं बघायला लागला. माझ्या शब्दासाठी आलेला माणूस! बायकांनीही रिकाम्या घागरी खाली ठेवल्या. एप्रिलमध्ये दहा दिवस पाणी नाही, म्हणजे काय ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मला लाज वाटली. खरी लाज वाटली. मी पेन बाजूला ठेवलं आणि बोलायला तोंड उघडलं. मी बोलणारच होतो! आजही मी सगळ्यांना हेच सांगतो.

पण दगडाबाईनं तेवढ्यात बादली हौदात सोडली होती आणि तळाशी टणकन आवाज झाला.

"खाली काय हाय बे?" भगवानराव म्हणाले.

गळ टाकला. पातेलं वर आलं, आतून लखलखीत, पाकाचा एक थेंब नाही. आपल्याकडं लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरायची पद्धत आहे. ही पद्धत ज्यानं काढली त्याला माझा नमस्कार. भगवानरावांनी चष्मा पुसला आणि मोठ्यांदा वाचलं, "चि. सौ. कां. मालन हिस मामा रामहरी यांचेकडून सप्रेम भेट."

सगळी वस्ती मालनकडं वळली. मालन माझ्याकडं वळली. त्या नजरेपुढं कबुली देणं फारच सोपं होतं.

"मीच!" मी म्हणालो. "पाक माझा हाय. मुनव्वरची काय चूक न्हाई. त्यो माझ्या शब्दाखातर आलता."

मुनव्वरनं माझ्याकडं बघितलं आणि दोन्ही हात कपाळाला लावले. ते आभार होते की माझ्या अकलेला नमस्कार, मी विचारलं नाही. तेवढ्यात त्रिंबक लिंबाचं पोतं घेऊन उगवला आणि आनंदानं ओरडला, "जालिंदरभाऊ, निवला का पाक?"

"निवला," दगडाबाई म्हणाली. "हजार लिटर निवलाय. आन ती लिंबं हिकडं. पानी काय फेकून देता का?"

दुष्काळात कोण पाणी फेकतं! दुसऱ्या दिवशी ड्रममध्ये लिंबं पिळली आणि मिरवणुकीनं सरबत चाटूनपुसून संपवलं. उरलेलं वस्तीनं तीन दिवस वापरलं. वरण गोड, भात गोड, धुतलेला सदरा अंगाला चिकटलेला आणि मुंग्या घरोघर. मुनव्वरचा टँकर चालू राहिला. भगवानरावांनी मागचा ठराव रद्द करून नवा सांगितला, तोही मीच लिहिला: "समितीने जयंतीनिमित्त हौदातच सरबताची सोय केली, याबद्दल चेअरमन साहेबांचे अभिनंदन."

मालन आठ दिवस पातेलं घासत होती. मग एकदा मुनव्वरच्या टँकरवर बसून पातेलं गेवराईला घेऊन गेली. मला वाटलं, कल्हईला नेलं असेल. संध्याकाळी तिनं ते माझ्यासमोर ठेवलं. मामाच्या नावाखाली नवी, ताजी ओळ कोरलेली होती:

"हे पातेले जालिंदर यांस देऊ नये. साक्षीदार: मुनव्वर."